पूर्व भागातील सहज छायाचित्रण : सोलापूर, जुलै 2024 ते फेब्रुवारी 2025 च्या प्रकल्प नोंदी

14 जुलै 2024

प्रवासी छायाचित्रण म्हटले की लडाख, वाराणसी किंवा पुष्करचे नाव निघते. मी मात्र सोलापुरातल्याच जुळे सोलापूर भागातून निघून अशोक चौकाच्या पलीकडे, शहराच्या पूर्व भागात, उतरायचे ठरवले आहे. अंतर रिक्षाने गाठण्याइतकेच आहे, पण तिथे दुकानांच्या पाट्या तेलुगूत आहेत, ओट्यांवरचे बोलणे तेलुगूत आहे, आणि सणांचा क्रमही आमच्या घरच्यापेक्षा वेगळा आहे. तेलंगणातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या बाजूंनी आलेली पद्मशाली या विणकर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे मागावर राबत आली आहेत आणि त्यांच्याच घरांतील बायकांनी शहराचा विडी उद्योग उचलून धरला आहे. सोलापुरात वाढूनही या भागात मी आजवर केवळ टॉवेल आणि चादरी खरेदी करण्यापुरताच गेलो होतो.

विषय तीन ठेवले आहेत : विडी वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमाग आणि बतुकम्मा हा बायकांचा फुलांचा तेलुगू सण. कोणालाही उभे करून, हसायला सांगून छायाचित्र घ्यायचे नाही, आणि लपूनही घ्यायचे नाही, हे दोन नियम आरंभीच लिहून ठेवत आहे. दोन्ही एकाच वेळी पाळणे कितपत जमते, याचीच ही नोंदवही आहे.

21 जुलै

70-200 मिलिमीटरची, दुरून टिपणारी लांब भिंग घेऊन गेलो आणि सकाळ वाया गेली. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दूरवरून टिपले की कोणाला त्रास होणार नाही आणि चेहरेही मोकळे मिळतील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात त्या अरुंद गल्लीत एवढी मोठी नळकांडी दिसताच दोन मुले धावत आली, तीन दारे बंद झाली, आणि एका गृहस्थांनी महापालिकेचा सर्व्हे आहे का, अशी विचारणा केली. त्यांचे काही चुकले नाही. दुरून रोखलेला कॅमेरा एकतर वसुलीसाठी येतो किंवा बातमीसाठी, आणि दोन्हींचा अनुभव या वस्तीला आहे. जी छायाचित्रे आली त्यांत माणसे आहेत, पण ती काय करीत आहेत हे त्यांवरून कळत नाही, कारण ते मलाच कळलेले नव्हते.

लांब भिंग आता कपाटात राहील. यापुढे 35 मिलिमीटरची एकच भिंग, काळ्या पट्टीने झाकलेले कॅमेऱ्याचे नाव, आणि शटरचा आवाज शक्य तेथे बंद. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकत असत; त्यांची नजर उसनी घेता येत नाही, पण वीस रुपयांची चिकटपट्टी घेता येते.

4 ऑगस्ट

एका सहकाऱ्याच्या आत्याच्या घरी बसलो. गल्लीत त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. त्या आणि शेजारच्या दोघी-तिघी उंबऱ्याच्या आत मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने सकाळी पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, त्यात तंबाखू घालून वळायचे, टोक दुमडून दाबायचे आणि दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्या झाल्या की एक जुडी बांधली जाते. हे सगळे चालू असताना गप्पा, भांडणे आणि नातवाला ओरडणे या कशातही खंड पडत नाही, पण नजर सुपातून वर येत नाही.

पहिली अडचण उजेडाची आली. घरात एकच दार, खिडकी नाही, त्यामुळे बायका दाराकडे तोंड करून बसतात. चेहऱ्यावर पडणारा तो प्रकाश पाहून मी साहजिकच दारात बसलो आणि कॅमेरा लावला. दोन मिनिटांत अक्का म्हणाल्या, "उजेड सोडा वो सर, पान दिसंना." ज्या उजेडाच्या मोहाने मी तेथे बसलो होतो, तो मीच अडवला होता, आणि माझ्यामुळे त्यांची कात्री थांबली होती. त्यानंतर मी उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून, त्यांच्या डाव्या हाताला जमिनीवर बसू लागलो. तेथून प्रकाश अर्ध्या चेहऱ्यावर येतो, हात पूर्ण दिसतात, आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला राहतो. दारातून घेतलेल्या सपाट छायाचित्रांपेक्षा हे शतपटीने चांगले आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विडीची मजुरी हजारावर मिळते. हजारावर मजुरी असलेल्या बाईला "जरा इकडे पाहा" म्हणणे म्हणजे तिच्या कमाईतून वेळ कापून घेणे होय. सहज छायाचित्रण ही मी आजवर आवडीची बाब समजत होतो. येथे ती रोजगाराची बाब आहे. काम न थांबवता जे मिळेल तेच घ्यायचे, हा नियम आता माझ्या सौंदर्यदृष्टीपेक्षा त्यांच्या सुपावर अवलंबून आहे.

मग चेहरा मिळवायचा कधी? थोडा वेळ कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते पाहिल्यावर उत्तर सापडले. वळताना मान खाली असते, पण पंचवीस विड्या गोळा करून जुडीला दोरा आवळताना बोटांना सवय असल्याने डोळे मोकळे होतात, आणि तेवढ्या तीन-चार सेकंदांत त्या मान वर करून समोरच्या बाईकडे, रस्त्याकडे किंवा घड्याळाकडे पाहतात. एकदा हे कळले की आधीपासून फोकस लावून थांबता येते. हातांची छायाचित्रे केव्हाही घ्यावीत, चेहऱ्यांसाठी जुडीची वाट पाहावी.

11 ऑगस्ट

विड्या जमा करण्याच्या ठिकाणी, म्हणजे ब्रँचवर, सकाळी गेलो. आत छायाचित्रणास परवानगी मिळाली नाही. बाहेरून काढण्यास कोणी हरकत घेतली नाही, पण पारखणारा मनुष्य विड्या नापास करून बाजूला टाकत असताना बाईचा चेहरा टिपणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून कॅमेरा काढलाच नाही. दुपारी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गेलो. विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली ही 10,000 घरांची वसाहत 2006 मध्ये खुली झाली. येथे ओटे मोठे, रस्ते रुंद आणि उजेड भरपूर. छायाचित्रकाराला सगळे सोपे, आणि म्हणूनच बहुधा, माझी छायाचित्रे सामान्य आली.

19 ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव. पद्मशाली समाज मार्कंडेयांना आपले मूळपुरुष मानतो आणि या दिवशी पुरुष जानवे बदलतात. मी मिरवणुकीच्या गर्दीत शिरलो आणि रथाची, झेंड्यांची, ढोल-ताशांची तीच छायाचित्रे घेऊन आलो, जी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. जानवे बदलण्याचा विधी सकाळी लवकर होऊन गेला होता. तो मला ठाऊक असता तर मिरवणुकीपेक्षा तेथेच गेलो असतो. येथून पुढे कोणत्याही सणाला जाण्यापूर्वी अक्कांना "आधी काय, मग काय" हे विचारून कागदावर लिहून घ्यायचे ठरवले.

3 सप्टेंबर

यंत्रमागाचा कारखाना. ही नोंद लांब होणार, कारण येथे सर्वांत जास्त बिघडले.

आवाज एवढा असतो की शेजारी उभ्या माणसाशी ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलावे लागते. शटर वाजले तरी कोणाला ऐकू येत नाही, त्यामुळे मी आवाज बंद करण्यासाठी लावलेले इलेक्ट्रॉनिक शटर येथे अनावश्यक होते, आणि नेमके तेच महागात पडले. घरी येऊन पाहिले तर जवळजवळ सर्व छायाचित्रांवर आडवे काळे-पिवळे पट्टे. कारखान्यातील एलईडी नळ्या आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, म्हणून काही ओळी उजेडात वाचल्या जातात आणि काही अंधारात. 1/500 सेकंद ठेवला होता, त्यामुळे पट्टे अधिकच ठळक झाले. संगणकावर ते काढण्यात एक संध्याकाळ घालवली आणि शेवटी सगळे रद्द केले.

10 सप्टेंबर

यांत्रिक शटर, वेग 1/100 किंवा 1/50, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200. पट्टे गेले. वेग कमी केल्यामुळे धोटा (आडवे सूत नेणारा) आणि फणी (ते सूत ठोकून बसवणारी) धूसर येतात आणि उभा माणूस स्थिर येतो, हा फायदाच झाला. 1/500 ला माग बंद असल्यासारखा दिसत होता.

परंतु माणूस स्थिर कधी असतो? एक कामगार अनेक माग सांभाळतो आणि सतत त्यांच्यामधून फिरत असतो. येथेही विडीच्या जुडीसारखी एक जागा आहे. धोट्यातल्या कांडीवर गुंडाळलेले सूत संपले की माग थांबतो. कामगार येतो, धोटा उचलतो, रिकामी कांडी काढून भरलेली बसवतो, सुताचे टोक छिद्रातून ओढून घेतो आणि दांडा ओढून माग पुन्हा चालू करतो. हे करताना तो दिव्याच्या बाजूला वळतो आणि काही क्षण अजिबात हलत नाही. उभ्या सुताचा धागा तुटला तर त्याहूनही जास्त वेळ तो वाकून गाठ मारत राहतो. सरावलेला कामगार धागा तुटल्याचे न पाहता आवाजावरून ओळखतो; मला ते काही जमले नाही, पण तो वळला की मी वळतो, एवढे जमू लागले.

सुताचा तूस ही दुसरी पीडा. मी आत उभे राहून भिंग बदलली आणि पुढच्या प्रत्येक छायाचित्रात आकाशात किंवा भिंतीवर करडे ठिपके येऊ लागले. सेन्सर स्वच्छ करून घेण्यास साधारण दीड हजार रुपये लागले आणि कॅमेरा आठवडाभर गेला. कारखान्यात भिंग बदलू नये, हे एका ओळीत सांगता येते. पण ज्यांना दुसरी भिंग हवीच असेल त्यांनी ती बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून बदलावी. हवेचा पंप जवळ ठेवावा, तोंडाने फुंकर मारू नये.

22 सप्टेंबर

आतापर्यंतची छायाचित्रे छापून वाटली. चार बाय सहाच्या प्रती, एकीला बारा रुपये. मला वाटले होते की लोक खूश होतील. अक्कांच्या शेजारणीने स्वतःचे छायाचित्र, माझ्या मते आतापर्यंतचे सर्वोत्तम, दोन्ही हातांनी धरून पाहिले आणि विचारले, "मान खालीच हाय की, तोंड कुठं दिसलालंय?" मागावरच्या कामगाराने धूसर धोट्याकडे बोट दाखवून हलला आहे, असे सांगितले. भिंतीवर लावण्याजोगे छायाचित्र म्हणजे सरळ उभे राहून, चांगली साडी किंवा धुतलेला शर्ट घालून, समोर पाहून काढलेले. ही त्यांची कल्पना माझ्यापेक्षा कमी दर्जाची आहे असे मानायला काहीच आधार नाही. स्टुडिओत पैसे देऊन काढलेल्या छायाचित्राची शिस्त तीच आहे.

म्हणून पहिला नियम अंशतः मोडला. ज्या घरात जायचे तेथे आधी त्यांना हवे तसे, उभे राहून, नटून काढलेले कौटुंबिक छायाचित्र घ्यायचे आणि ते मोठ्या आकारात छापून द्यायचे. मागावरच्या कामगाराला स्वतः विणलेली चादर उलगडून तिच्यासमोर उभे राहायचे होते, तसे काढले. ते प्रकल्पात येणार नाही, पण त्यानंतर त्या कारखान्यात माझ्याकडे कोणी वळून पाहणे बंद झाले.

2 ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

बतुकम्माचा पहिला दिवस. या दिवसापासून नऊ दिवस हा सण चालतो. बायका पितळी तबकात भोपळ्याची पाने अंथरतात, त्यावर तरवड, कुर्डू, झेंडू अशा फुलांचे थर गोलाकार रचत शिखरापर्यंत नेतात आणि वर हळदीची गौरम्मा ठेवतात. संध्याकाळी सगळ्याजणी तबके मध्यभागी ठेवून, भोवती रिंगण करून, वाकून टाळ्या वाजवत गाणी म्हणतात.

रिंगणाचे छायाचित्रण अवघड जाते, कारण सगळ्यांची तोंडे मध्याकडे असतात आणि बाहेर उभ्या माणसाला फक्त पाठी मिळतात. आत शिरणे योग्य नव्हते आणि मी विचारलेही नाही. दोन बायकांच्या फटीतून पलीकडच्या बाजूचे चेहरे घेणे हा एकच मार्ग उरतो. टाळीच्या वेळी त्या वाकतात, ध्रुवपदाच्या शेवटी "उय्यालो" म्हणत सरळ होतात. फट त्याच वेळी उघडते. गाण्याचे दोन फेर नुसते ऐकले की बोट आपोआप तालात पडते.

रंगाचा एक इशारा. तरवड आणि झेंडू यांच्या पिवळ्यात लाल घटक लवकर जळतो. पडद्यावरचा प्रकाशाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो आणि पाकळ्यांचा मात्र सपाट पिवळा गोळा होतो. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे पाहावेत आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी ठेवावे.

7 ऑक्टोबर

संध्याकाळी नेहमीच्या वेळी गल्लीत पोहोचलो. एकही तबक नाही, रिंगण नाही, बायका ओट्यावर विड्या वळत बसलेल्या. अक्का हसल्या. सहावा दिवस, या दिवशी बतुकम्मा रुसलेली असते, म्हणून फुले रचत नाहीत. ऑगस्टमध्ये केलेला "आधी काय, मग काय" हा कागद मी पहिल्या आणि शेवटच्या दिवसापुरताच भरला होता. तरी रिकामे परतलो नाही. बायका गेल्या पाच दिवसांत कामाचा खोळंबा झाला म्हणून वेगाने वळत होत्या आणि कोणाच्या रिंगणात कोण चुकले यावर बोलत होत्या. बोटांना अजून फुलांचे रंग होते, कारण पांढरा कुर्डू रंगवून वापरतात. गुलाबी बोटे आणि तेंदूचे पान एकाच चौकटीत आले. सणाचे आणि मजुरीचे असे एकत्र छायाचित्र मला रिंगणात कधीच मिळाले नसते.

10 ऑक्टोबर

शेवटचा दिवस, सद्दुला बतुकम्मा. रिंगणाऐवजी दुपारीच घरात जाऊन बसलो, कारण खरी मजा रचण्यात आहे : थर सरळ येतो की नाही यावरून सासू-सुनांचे मतभेद, मध्ये भरायला चिरलेली पाने, आणि फुले आणून देणारे पुरुष, ज्यांचा सणात तेवढाच वाटा. रात्री विसर्जनापर्यंत थांबलो. फ्लॅश वापरायचा नव्हता. आयएसओ 6400 वर दाणे आले आणि ते तसेच ठेवले. विसर्जनानंतर बायका एकमेकींना हळदी-कुंकू लावतात आणि मलिदा वाटतात. मलाही मलिदा मिळाला आणि तो खाताना हात चिकट झाल्याने काही चांगले क्षण गेले. त्याचे मला दुःख नाही. कॅमेरा हातात धरून प्रसाद नाकारणारा माणूस पुढच्या वर्षी कशाला बोलावतील?

17 नोव्हेंबर

निवड. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांनी 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवासी टिपले आणि ती छायाचित्रे पुस्तकरूपाने 1966 मध्ये आली. त्या चेहऱ्यांतील नितळपणा मला मोहवतो, पण त्यांचा प्रवासी पुढच्या स्थानकावर उतरून जात होता; मला त्याच गल्लीत, त्याच ओट्यावर पुन्हा बसायचे आहे. म्हणून निवडलेली सर्व छायाचित्रे लहान आकारात छापून, वहीत चिकटवून, घरोघरी दाखवली आणि प्रत्येकासमोर होकार किंवा नकार लिहून घेतला. या कामास छायाचित्रणापेक्षा जास्त संध्याकाळी लागल्या.

नकार थोडे आले. त्यांतला एक महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचा होता. आईला मदत म्हणून ती संध्याकाळी विड्या वळते, आणि वर्गातल्या कोणी ते पाहू नये अशी तिची इच्छा. प्रकाशाच्या दृष्टीने तिच्यापेक्षा चांगले छायाचित्र माझ्याकडे नाही. मूळ फाईल तिच्यासमोर पुसली, घरी येऊन दुसऱ्या डिस्कवरचीही पुसली.

13 जानेवारी 2025, भोगी

प्रकल्पाबाहेरचा, तरी तुलनेसाठी आवश्यक दिवस. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेतील अक्षता सोहळा. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर (म्हणजेच सिद्धेश्वर) आणि कुंभारकन्या यांचा हा प्रतीकात्मक विवाह. संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते आणि "सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम" म्हणताच हजारो हात एकाच वेळी अक्षता टाकतात. सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले (पारंपरिक अंगरख्यातले) मानकरी आणि भक्त. येथे कॅमेऱ्याकडे कोणीच पाहत नाही, त्यामुळे सहजतेसाठी काहीच कष्ट पडत नाहीत, आणि माझ्या मते म्हणूनच येथली बहुतेक छायाचित्रे एकमेकांसारखी असतात. दुपारच्या उन्हात एवढे पांढरे कपडे असले की कॅमेरा चेहरे काळे करतो. पाऊण स्टॉप वाढवावा लागला. अक्षता पडण्यापूर्वीचा क्षण, मुठी आवळलेल्या आणि कान टवकारलेले, हा पडल्यानंतरच्या क्षणाहून सरस आहे. गर्दीत अक्का सहकुटुंब भेटल्या आणि त्यांनी माझ्याही मुठीत तांदूळ दिले.

2 फेब्रुवारी 2025

हिशेब. भिंग जुनी घेतली, साधारण अठरा हजार. छपाई आणि कौटुंबिक छायाचित्रांच्या मोठ्या प्रती मिळून सात हजारांच्या आसपास. सेन्सर स्वच्छता दीड हजार. रिक्षा आणि चहा यांचा हिशेब ठेवला नाही. चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत. भिंगेपेक्षा छपाईवरचा खर्च अधिक उपयोगी पडला, असे आता मागे पाहता वाटते, आणि हे काम हाती घेणाऱ्याने दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर छपाईला पैसे राखून ठेवावेत.

राहिलेली कामे : पहाटेची पाळी बदलताना कामगार कारखान्याबाहेर काय करतात हे पाहिलेले नाही, नारळी पौर्णिमेला सकाळी जानवे बदलण्याच्या वेळी हजर राहायचे आहे, आणि बतुकम्माच्या नऊही दिवसांचा कागद अक्कांकडून पूर्ण भरून घ्यायचा आहे. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या छताखालच्या कारखान्यात दुपारी उभे राहणे कॅमेऱ्याला आणि मला दोघांनाही झेपणार नाही, त्यामुळे पुढची फेरी पाऊस पडल्यावर.